पस्तीस आणि सदतीस

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी संपली. यंदा आमच्याकडे नव्हतीच, त्यामुळे संपल्याचं वाईट वाटायचा प्रश्न नाही. कॉलनीतल्या लोकांनी रीतीप्रमाणे फराळाचे डबे आणून दिले. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेलं असतं तिथे तळण होत नाही, म्हणून बाकीचे आपल्याकडचं आणून देतात. मी ठीक आहे, असं प्रत्येकाला सांगितलं. प्रत्येकाने मान हलवली आणि डबा ठेवला. आता चिवड्याचे इतके प्रकार झाले आहेत की एकत्र करून संपवावे लागतील.

लॅबमध्ये मीटिंग. आमच्या लॅबचे मालक आप्पासाहेब म्हणाले की डिसेंबरपासून इंदापूरकडच्या द्राक्षांचे नमुने यायला लागतील. परदेशी माल घेणाऱ्यांना यंदा फवारणीच्या काही औषधांचा अंश अगदी सूक्ष्म प्रमाणात मोजून हवा आहे. म्हणजे आपलं रेणूंची वजनं करणारं मशीन, मास स्पेक्ट्रोमीटर, निगेटिव्ह केमिकल आयोनायझेशनच्या मोडवर लावावं लागणार. हे काम दरवेळी पुण्याहून इंजिनिअर येऊन करून जातो.

मी म्हणालो, मी लावतो.

मीटिंगमध्ये मी सहसा बोलत नाही. त्यामुळे सगळे आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. आप्पासाहेबांनी विचारलं, नागेशराव, एवढ्यात जमेल का? 'एवढ्यात' म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

मुदत : १ डिसेंबर. माझा अंदाज : चार दिवस.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं मॅन्युअल वाचलं. अवघड काही नाही. मशीनच्या पोटात आयन सोर्स म्हणून अंगठ्याएवढा भाग असतो. तो काढून दुसरा बसवायचा. आत मिथेन सोडायचा. मग ट्यूनिंगचा फ्लोरीनवाला द्रव आत सोडून त्याच्या ठरलेल्या तीन रेघा स्क्रीनवर उंच आणि बारीक येईपर्यंत व्होल्टेज जुळवायचं. या मोडमध्ये मशीनला फार थोडे रेणू दिसतात. आलेला इलेक्ट्रॉन जे धरून ठेवतात तेच. जे सोडून देतात ते मशीनच्या दृष्टीने नसतातच. क्लोरीन, फ्लोरीन असलेले रेणू धरून ठेवण्यात पटाईत. फवारणीची बरीच औषधं त्यातलीच, म्हणून हा सगळा खटाटोप.

सोर्स पुसायला धागे न सुटणारं खास कापड लागतं. ते संपलं आहे. ऑर्डर दिली. दोन आठवडे लागतील म्हणाले. दोन आठवडे! एका फडक्यासाठी काम अडवणाऱ्यांतला मी नाही.

संध्याकाळी राजलक्ष्मीचा इंदापूरहून फोन. राजलक्ष्मी म्हणजे माझी मेहुणी, वृषालीची धाकटी बहीण. वृषालीचं वर्षश्राद्ध ३० नोव्हेंबरला सणसरला आमच्या जुन्या घरी करायचं ठरलं आहे, त्याची आठवण केली. मग मूळ विषयावर आली. त्यांच्या माहेरी अशी रीत आहे की वर्षश्राद्धाच्या दिवशी गेलेल्या बाईच्या साड्या तिच्या बहिणी, जावा, भाच्या नेसतात आणि मग आपापल्या घरी नेतात. तेव्हा कपाट कधी उघडताय? मी म्हणालो, मशीनचं काम निघालं आहे, सवड नाही. ती म्हणाली, मशीन काय साडी नेसतं का, दाजी?

तिचा स्वभाव पहिल्यापासून तसाच आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

उपाय सापडला. इतका सोपा की आधी सुचला नाही याचं नवल. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती साडीपेक्षा मऊ आणि धागे न सोडणारं कापड जगात नाही. कपाट उघडलं ते फक्त या कामापुरतं. फिकट हिरवी, बारीक काठाची एक निवडली. सगळ्यात जुनी तीच. प्रकाशात धरून पाहिली. उत्तम विणकाम. पदराकडचा तुकडा कापून घेतला. कापताना हात थांबला, कारण कात्री बोथट आहे. नवी आणणे.

साड्यांची स्थिती चांगली आहे. कपाटात गोळ्यांचा बंदोबस्त चोख आहे. वृषाली दर एक तारखेला नव्या डांबरगोळ्या टाकायची, सुवासिकवाल्या. ते मी चालू ठेवलं आहे. याला देखभाल म्हणतात. भावनेचा प्रश्न नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सोर्सचा प्रत्येक भाग पुसला. आरशासारखा झाला. पुसलेले भाग त्याच कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले होते, म्हणजे धूळ बसायला नको. दुपारी बसवले. आता दोन दिवस मशीन आतून तापत राहील, ओल निघून जाईल.

संकल्प : उद्यापासून सहाला लॅबमधून निघायचं आणि घरी स्वयंपाक करायचा.

१ नोव्हेंबर, शनिवार

कपाटात नव्या गोळ्या टाकल्या. मिश्र चिवडा खाल्ला.

३ नोव्हेंबर, सोमवार

आधी पॉझिटिव्ह मोडमध्ये तपासणी. मिथेनच्या रेघा जिथे पाहिजेत तिथेच. हवेची गळती नाही. पाण्याचा अंश नाहीच म्हटलं तरी चालेल. आप्पासाहेबांना बोलावून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ तिथे ठेवला. अलीकडे लोक असं करतात. मी पुढे सरकून स्क्रीनकडे बोट दाखवलं.

उद्या निगेटिव्ह. अर्ध्या दिवसाचं काम. इंजिनिअरला एवढे पैसे कशाचे देत होतो, हा प्रश्न पुढच्या मीटिंगमध्ये मांडावा का?

४ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ११

३५ आणि ३७ वर रेघा.

दुपारी ४

अजून आहेत. स्क्रीनचं छत गाठलं आहे. ट्यूनिंगच्या द्रवाच्या रेघा शेजारी अशा दिसतात जसं उसाच्या फडाशेजारी गवत.

पस्तीस आणि सदतीस म्हणजे क्लोरीन, यात शंका नाही. क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात आणि ते नेहमी जोडीनेच दिसतात. पस्तीसची रेघ मोठी, सदतीसची तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. प्रश्न एवढाच की माझ्या स्वच्छ मशीनमध्ये क्लोरीन आणला कोणी.

५ नोव्हेंबर, बुधवार

मिथेनच्या सिलिंडरवर संशय. गॅसवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सर, हाच गॅस मी सगळीकडे देतो, कोणाची तक्रार नाही. मला वाद घालता येत नाही, म्हणून फोन ठेवून कडक ईमेल लिहिला. पाठवला नाही. आधी सिलिंडर बदलून बघू.

सिलिंडर बदलला. काही फरक नाही. ईमेल पुसला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

उलगडा झाला. ब्लीचिंग पावडर. आमच्याकडे साफसफाई करणाऱ्या तानूबाई बाथरूममध्ये मूठ मूठ टाकतात. निगेटिव्ह मोडला क्लोरीनचा वास लांबून लागतो. मी दारावर नोटीस लावली : पुढील सूचनेपर्यंत ब्लीचिंग पावडर, फिनेल व तत्सम पदार्थांस सक्त मनाई.

तानूबाईंनी नोटीस वाचून घेतली आणि विचारलं की मग नुसत्या आशीर्वादानं फरशी पुसू का. मी म्हणालो, साध्या पाण्यानं पुसा. त्या म्हणाल्या, बाथरूमात पहिल्यांदा तुम्हीच जायचं मग.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पस्तीसची रेघ निम्म्याने खाली. मनाई लागू पडली. राजलक्ष्मीचा मिस्ड कॉल. यशाच्या दिवशी नको म्हणून परत केला नाही.

आता निम्म्यावर समाधान का मानायचं? मशीन थंड केलं, सोर्स परत काढला, परत पुसला, परत कापडात गुंडाळून ठेवला. उद्या बसवणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

रेघ पहिल्यापेक्षा उंच.

काही हरकत नाही. याचा अर्थ क्लोरीनचा आणखी एक उगम आहे आणि तो ब्लीचिंग पावडरपेक्षा मोठा आहे. संशोधनात असंच होतं.

नळाचं पाणी! नगरपालिका त्यात क्लोरीन टाकते. फरशी त्याच पाण्याने पुसली जाते. हे आधीच लक्षात यायला हवं होतं. उद्या सणसरहून विहिरीचं पाणी आणतो.

९ नोव्हेंबर, रविवार

मोटरसायकलला दोन कॅन बांधून सणसरला गेलो. थोरला भाऊ कुंडलिक ऊसतोडीच्या मागे होता. घरी एकटी आई. आईने पाण्याचं काय करणार ते विचारलं. मी मास स्पेक्ट्रोमीटर थोडक्यात समजावला. तिने ऐकून घेतलं, भाकरी वाढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मग माझी बाही हातात धरून वास घेतला.

"नागू, तुज्या अंगाला वृषालीच्या कपाटाचा वास येतुया."

मी म्हणालो, लॅबमधलं केमिकल असेल.

"लॅबात तिचं कपाट हाय व्हय?"

मी भाकरी खाल्ली. तिने विचारलं, वर्षभरात एकदा तरी रडलास का? मी सांगितलं की सध्या कामाचा ताण फार आहे, डिसेंबरनंतर बघू. ती म्हणाली, "डिशेंबरात तारीख धरून रडनार का रं तू?"

आईचं वय झालं आहे. या वयात नाकाचा भरवसा नसतो. दोन्ही कॅन भरून घेतले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

विहिरीच्या पाण्याने फरशी पुसून घेतली. रेघ किंचित खाली. खरं तर मी मशीन दोन दिवस बंद डब्यासारखं सोडून दिलं तरी ती खाली येते, असं दिसतं. पण वाट बघत बसणं हा उपाय नाही. परत काढलं, परत पुसलं, परत गुंडाळलं.

कापडाचा जुना तुकडा मळला. घरून नवीन तुकडा आणला. नवी कात्री चांगली चालते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रेघ छताला.

आप्पासाहेबांच्या अत्तरावर संशय. त्यांना स्पष्ट बोलता येईना, म्हणून नोटिशीत एक ओळ वाढवली : व सुगंधी द्रव्ये. त्यांनी नोटीस वाचून मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, उद्यापासून लावत नाही, पण नागेशराव, तुम्हाला रजा हवी आहे का? मी विचारलं, कशासाठी. त्यांनी पंख्याचा वेग वाढवला.

इंजिनिअरला बोलावू का, असंही विचारलं. मी म्हणालो, दोन दिवस द्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आप्पासाहेबांनी शब्द पाळला. डाळजचे एक बागायतदार त्यांना भेटायला आले होते. खुर्ची मागे मागे घेत शेवटी दारात बसून बोलले.

रेघ छताला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कुरिअरने खास कापडाचं पाकीट आलं. सही करून स्टोअरमध्ये ठेवून दिलं. आपलं कापड इतके दिवस वापरात आहे, त्याचे गुण माहीत झाले आहेत. ऐन मोक्याला नवीन कापडाचा प्रयोग करणं शहाणपणाचं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज सुट्टी घेतली नव्हती, पण लॅबला जाता आलं नाही. सकाळीच राजलक्ष्मी इंदापूरहून मोठी पिशवी घेऊन दारात उभी. फोन उचलत नाही म्हणून समक्ष आले, म्हणाली. पाणी पिण्याआधी म्हणाली, "दाजी, साड्या काय बँकेत ठेवल्यात का? किल्ली द्या."

मी शांतपणे समजावलं की साड्यांचा आता घराशी संबंध राहिलेला नाही. त्या प्रयोगशाळेचं साहित्य आहेत आणि प्रयोगशाळेचं साहित्य असं वाटून टाकता येत नाही. तिने विचारलं, म्हणजे काय? मग मला सोर्स, धागे, विणकाम, सगळं सांगावं लागलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताईच्या साडीनं तुम्ही मशीन पुसता?"

मी म्हणालो, मशीन नाही, मशीनचा फक्त आयन सोर्स.

ती हसायला लागली. उभ्याने हसली, मग बसून हसली, मग पिशवी तोंडाला लावून हसली. म्हणाली, लग्नानंतर ताई सांगायची की ह्यांना एक वाक्य बोलायला चार दिवस लागतात, पण प्रेम करायला काय लागतं ते अजून कळलं नाही. ते आज कळलं, साडी लागते आणि स्क्रू काढायचा पाना लागतो. मग हसू अर्धवट सोडून उठली. स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. साखर नव्हती. चिवडा मात्र होता.

जाताना पिशवी रिकामीच घडी करून काखेत घेतली. म्हणाली, "तीस तारखेला कोणी काही नेसलं नाही तरी चालेल. तुम्ही तेवढे माणसांत या."

मी हो म्हणालो. तिचा गैरसमज झालेला दिसतो. मी रोज माणसांतच असतो. लॅबमध्ये अकरा लोक आहेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऑटोट्यून चालवून पाहिलं. मशीनने स्वतःच थांबून लिहिलं की अपेक्षित रेघा सापडत नाहीत, तपासणी करा. मशीनचा हा सूर मला आवडलेला नाही.

संशयितांची आजची यादी : पीव्हीसीची नळी, शाईचे मार्कर, आकाश.

संध्याकाळी स्वयंपाक करायचा संकल्प होता. तेल संपलं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आप्पासाहेबांनी मला न विचारता पुण्याला फोन केला. इंजिनिअर गुरुवारी येणार. ठीक आहे. मशीनची नव्वद टक्के तयारी मी केलेलीच आहे. त्याला फक्त शेवटचा हात फिरवायचा आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उद्या पाहुणा येणार म्हणून सोर्स काढून परत एकदा चकचकीत पुसून, गुंडाळून डब्यात ठेवला. तोंडावर पडायला नको.

२० नोव्हेंबर, गुरुवार

इंजिनिअर आला. नाव इंद्रजित. दिसायला कॉलेजातला, पण मशीनशी हळू आवाजात बोलतो, तेव्हा अनुभवी असावा. मी त्याला सगळा इतिहास सांगितला. सिलिंडर, ब्लीचिंग पावडर, नगरपालिका, अत्तर. तो टिपणं घेत होता. अत्तराला थांबला.

मग त्याने डब्याचं झाकण उघडलं.

"सर, हे कापड कुठलं?"

मी म्हणालो, स्टोअरमधलं.

त्याने तुकडा उलगडला. त्याला काठ होता. आमच्या स्टोअरमधल्या कापडाला काठ नसतो, हे मलाही मान्य आहे. त्याने कापड नाकाजवळ नेलं. फार आदराने विचारलं की घरच्या कपाटात पांढऱ्या सुवासिक गोळ्या टाकता का.

यावर तो पुढे काही बोलायच्या आत मीच त्याला समजावून सांगितलं. बाजारात डांबरगोळ्या दोन प्रकारच्या मिळतात. जुन्या, उग्र वासाच्या वेगळ्या आणि गोडसर वासाच्या वेगळ्या. गोडसर वासाच्या गोळीच्या प्रत्येक रेणूत क्लोरीनचे दोन अणू असतात. गोळी हळूहळू हवेत विरते आणि कपाटातल्या कापडात मुरते. ते कापड धातूला लावलं, आणि विशेषतः गुंडाळून ठेवलं, तर क्लोरीन आत जाणार आणि निगेटिव्ह मोडमध्ये पस्तीस-सदतीसशिवाय काही दिसणार नाही. मी एम.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. हे मी नवीन भरतीच्या मुलांना दोनदा शिकवलेलं आहे.

इंद्रजित शेवटपर्यंत ऐकत होता. म्हणाला, म्हणजे सर तुम्हाला माहीत होतं.

मी म्हणालो, साहजिकच.

त्याने स्टोअरमधून नवीन पाकीट मागवलं. साडीचा तुकडा उचलून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेला, तिथून परत आणला, एका झिपच्या पिशवीत घातला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मुलगा चांगला आहे. पण नव्या पिशव्या अशा वाया घालवू नयेत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्रभर मशीन तापवलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आत ट्यून झालं. ठरलेल्या तिन्ही रेघा उंच, बारीक, सुईसारख्या. इंद्रजितने ब्लँक चालवला. ब्लँक म्हणजे काहीही न घालता मशीनला विचारायचं, काय दिसतं. पस्तीसला काही नाही. सदतीसला काही नाही. सपाट.

आप्पासाहेबांनी पेढे मागवले. तासाभरात अत्तराचा वास परत आला. तानूबाईंनी माझ्यासमोर नोटीस काढली, घडी केली आणि कोपऱ्यातल्या जाळ्यासाठी वापरली. सगळे चहाला गेले. इंद्रजित पुण्याच्या गाडीसाठी निघाला.

मी एकटाच होतो तेव्हा ब्लँक परत चालवला. सपाट. परत चालवला. सपाट. खात्री केलेली बरी असते. मग आणखी एकदा चालवला.

काही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लेक छकुली पुण्याहून आली. आल्या आल्या स्वयंपाकघर बघून तिने थेट किराणा आणला. मुलगी आईवर गेली आहे. जेवल्यावर मी कपाटाची किल्ली तिच्यापुढे ठेवली. कारणही सांगितलं : कपाटातल्या गोळ्यांमुळे माझ्या कपड्यांना क्लोरीन लागतो, कपड्यांतून तो लॅबमध्ये जातो, तेव्हा मशीनच्या सुरक्षिततेसाठी साड्या घराबाहेर जाणं आवश्यक आहे. इंदापूरला मावशीकडे नेऊन टाक.

"बरं पप्पा," ती म्हणाली.

तीन पिशव्या भरल्या. मी पेपर वाचत होतो. तिने विचारलं, तुम्हाला एखादी ठेवायची आहे का? मी म्हणालो, नाही, मला साडी काय करायची. तिने परत विचारलं. मी म्हणालो, ऑफिसात एक तुकडा आहे. ती म्हणाली, हिरव्या साडीचा ना, मला माहिती आहे, मावशीने सांगितलं. आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. हसत असावी. हसण्याचा आवाज मात्र येत नव्हता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

घराला कसलाच वास नाही. लॅबच्या दृष्टीने उत्तम.

कपाट नीट रिकामं झालं का ते तपासलं. झालं आहे. खालच्या खणात झिजून शेंगदाण्याएवढी झालेली एक गोळी सापडली. कचऱ्यात टाकली. थोड्या वेळाने बाहेर काढली. अशा रसायनांची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावावी लागते. नियम बघून ठरवू. तोवर खिशात.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला नमुना आला, तीन दिवस आधीच. द्राक्षं कच्ची, हिरवी, पण तपासणी चोख झाली. आप्पासाहेब म्हणाले, नागेशराव, काम झालं. आता सोमवारपर्यंत इकडे फिरकू नका. मशीन कुठं जात नाही.

शनिवारी करायला काम शोधत आहे.

३० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी

सणसर. वर्षश्राद्ध पार पडलं. माझ्याकडून काहीही गडबड झाली नाही, हे आधी लिहून ठेवतो. गुरुजींनी सांगितलं ते सगळं वेळेत केलं. पिंडाला कावळाही फार वाट न बघायला लावता शिवला. कुंडलिक म्हणाला, वृषालीला कुणाला ताटकळत ठेवायची सवयच नव्हती. आई म्हणाली, "व्हय, ती सवय नागूला हाय."

दुपारी पंगत बसली. मी पाण्याचा जग घेऊन वाढायला उभा राहिलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायका वाढायला बाहेर आल्या. पुढे राजलक्ष्मी, जांभळ्या साडीत. ती साडी वृषालीने तिच्या बँकेत हळदीकुंकू होतं तेव्हा घेतली होती. मागून कुंडलिकची बायको, मोरपंखी. मग दोन भाच्या, एक अबोली, एक तपकिरी, तपकिरीचा काठ इस्त्रीने एकदा जळला होता तो आत दुमडलेला. सगळ्यात मागे छकुली, पिवळ्या साडीत, आमटीचं भांडं घेऊन. निऱ्या जरा वर गेलेल्या, साडीची सवय नाही. सगळ्या एकदमच बाहेर आल्या, बोलत, एकमेकींना वाट देत, भात इकडे, लिंबू तिकडे. राजलक्ष्मी मला म्हणाली, दाजी, जग वाकडा झालाय, पाहुण्याच्या ताटात पाणी चाललंय.

माझे डोळे पाणावले. मी जग कुंडलिककडे दिला आणि घरामागे विहिरीच्या कडेला गेलो. कारण स्पष्ट होतं. सोप्यात हवा खेळती नाही, आणि वर्षभर गोळ्यांत मुरलेल्या पाच साड्या एकाच वेळी. त्या वाफेने डोळे चुरचुरतात, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. मी तिथे उभा राहून थांबायची वाट बघत होतो. थांबत नव्हतं. उलट आवाजही यायला लागला होता, तो बहुधा घशाला वाफ लागल्यामुळे.

छकुली मागून आली. हातात पाण्याचा तांब्या. मी तिला गोळ्यांच्या वाफेचं समजावून सांगितलं, जमेल तसं.

ती म्हणाली, "पप्पा, सगळ्या साड्या मी दोनदा धुतल्यात. आठवडाभर मावशीच्या गच्चीवर उन्हात होत्या. गोळीचा वास कधीच गेला. बघा."

तिने पदर पुढे केला. मी तोंडाशी धरला. साबणाचा वास होता, आणि उन्हाचा. बाकी काही नव्हतं.

डोळ्यांचं पाणी त्यानंतरही बराच वेळ चालू होतं.

कारण : सापडले नाही.